एसी गेलाय, हीट पंप घेऊ का? न्यू जर्सीतल्या घरासाठी पायरीपायरीने

२०२४च्या जुलैत आमचा सेंट्रल एसी गेला. बाहेर ९६ डिग्री फॅरनहाइट, घरात सहा महिन्यांच्या मुक्कामाला पुण्याहून आलेले आई-बाबा, आणि तपासायला आलेला माणूस म्हणतो, कॉम्प्रेसर संपला, नवीन युनिट टाका. त्या आठवड्यात तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. पहिल्याने पाच टनांचा एसी सांगितला. दुसऱ्याने चार टनांचा हीट पंप. तिसरा अ‍ॅटिकमध्ये चढला, खिडक्या मोजल्या, आणि तीन टन पुरे म्हणाला. घर तेच, उत्तरं तीन. मग एका मित्राकडून दोन विंडो एसी उसने आणले, आई-बाबांच्या खोलीत एक आणि आमच्या खोलीत एक लावला, आणि निर्णय शांतपणे घ्यायचं ठरवलं.

त्या काळात जे वाचलं, मोजलं आणि नंतरच्या हिवाळ्यात जे भोगलं, ते इथे क्रमाने लिहितो. आमचं घर मध्य न्यू जर्सीत आहे, २,२०० चौरस फुटांचं, दुमजली, १९९०च्या दशकात बांधलेलं, गॅसची फर्नेस आणि डक्ट असलेलं. आपल्यापैकी अनेकांची घरं थोड्याफार फरकाने अशीच आहेत. मॅसॅच्युसेट्स किंवा कनेटिकटमध्ये थंडीचे आणि दरांचे आकडे बदलतील, पायऱ्या त्याच राहतील.

"कुठला ब्रँड घेतलास?" हा प्रश्न मला गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतसुद्धा विचारला गेला आहे. तो प्रश्न शेवटचा. घराचं माप बरोबर निघालं, डक्ट धड असले आणि बसवणारा घाई न करणारा असला, तर मधल्या दर्जाचं यंत्रही छान चालतं. यातलं एक जरी बिनसलं, तरी सगळ्यात महागडं यंत्र घेऊन तुम्ही जानेवारीत स्वेटर घालून बसाल.

आधी यंत्र कसं चालतं ते

फ्रिज चालू असताना त्याच्या मागच्या बाजूला हात लावून पाहा, गरम लागतं. आतल्या भाजी-दुधातली उष्णता बाहेर स्वयंपाकघरात टाकायचं काम तो करत असतो. एसी हेच घराच्या बाबतीत करतो. हीट पंप म्हणजे उलटाही चालू शकणारा एसी. आत एक रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह असतो, तो रेफ्रिजरंटच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या, वाहण्याची दिशा बदलतो. उन्हाळ्यात उष्णता आतून बाहेर, हिवाळ्यात बाहेरून आत. दिल्ली-चंडीगढकडे 'हॉट अँड कोल्ड' नावाने जे स्प्लिट एसी विकले जातात, ते हेच. ठाण्यातल्या फ्लॅटमधल्या एसीत तो व्हॉल्व्ह नसतो, कारण तिथे त्याचं काम पडत नाही.

"बाहेर बर्फ पडलंय, तिथून कसली उष्णता आणणार?" हा बाबांचा प्रश्न रास्त होता. पण आर-३२ हे रेफ्रिजरंट हवेच्या साध्या दाबाला उणे ५१ डिग्री सेल्सिअसच्या आसपास उकळतं. त्याच्या दृष्टीने उणे १० डिग्रीची हवासुद्धा ऊबदारच. ती हवा त्याला उकळवते, कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, दाबल्यावर ती तापते, आणि ती ऊब घरात सोडली जाते. वीज उष्णता तयार करायला लागत नाही, वाहून आणायला लागते. म्हणून एक युनिट वीज खर्चून तीन युनिट उष्णता मिळू शकते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. बाहेर ४७ डिग्री फॅरनहाइट असताना चांगल्या यंत्राचा सीओपी साडेतीन-चारच्या घरात असतो, १७ डिग्रीला अडीचच्या आसपास येतो, आणि आणखी थंडीत दोनकडे उतरतो. पुढचं सगळं गणित या एका उतारावर उभं आहे.

पायरी १: तुमचं घर आज कशावर तापतं?

विक्रेते हा प्रश्न घाईने ओलांडतात. पैशांच्या दृष्टीने तोच मुख्य आहे.

एक थर्म (बिलावरचं गॅसचं माप) म्हणजे २९.३ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, उष्णता. फर्नेस ९५ टक्के कार्यक्षम असेल तर त्यातली २७.८ युनिट घराला मिळते, जुनी ८० टक्क्यांची असेल तर २३.४. हीटिंग ऑइलच्या एका गॅलनमध्ये साधारण ४०.६ युनिट, प्रोपेनच्या गॅलनमध्ये साधारण २६.८. आता तुमची बिलं काढा. पुढचे दर मी हिशोब दाखवण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमचे घाला: वीज २२ सेंट युनिट, गॅस दीड डॉलर थर्म, ऑइल ४ डॉलर गॅलन, प्रोपेन साडेतीन डॉलर गॅलन. विजेचा दर काढताना पुरवठा आणि वहन दोन्ही धरा, बिलाची रक्कम भागिले युनिट असं सरळ करा.

या दरांनी घराला मिळणारी एक युनिट उष्णता नव्या गॅस फर्नेसमधून ५.४ सेंटला पडते, जुन्या फर्नेसमधून ६.४ सेंटला. ८५ टक्क्यांच्या ऑइल बॉयलरमधून ११.६ सेंट. प्रोपेनमधून, फर्नेस नवी ९५ टक्क्यांची असली तरी, १३.७. भिंतीलगतच्या विजेच्या बेसबोर्ड हीटरमधून पूर्ण २२ सेंट. आणि पूर्ण हिवाळ्याचा सरासरी सीओपी २.८ धरला तर हीट पंपमधून ७.९ सेंट.

तेव्हा ऑइल, प्रोपेन किंवा बेसबोर्डवर असाल तर एसी बिघडायची वाटही पाहू नका. गॅसवर असाल तर मात्र "हिवाळ्याचं बिल अर्धं होईल" असं सांगणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला चहा पाजा आणि वाटेला लावा. न्यू जर्सीत जून २०२५पासून विजेची बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली, त्यामुळे हे गणित गॅसच्या बाजूला आणखी झुकलं.

मग गॅसवाल्याने हीट पंप का घ्यावा? एसी मेलाच असेल तर तुम्हाला बाहेरचं युनिट आणि आतलं कॉइल नाहीतरी घ्यायचंच आहे. तिथे एसीऐवजी हीट पंप बसवला तर उन्हाळ्याचं काम तोच करतो, आणि नोव्हेंबर, मार्च, एप्रिल या सौम्य महिन्यांत, सीओपी चांगला असताना, घरही तापवतो. कडक थंडीत फर्नेस आहेच. याला ड्युअल फ्युएल म्हणतात. आमची फर्नेस जुनी पण ठणठणीत होती, आम्ही हेच केलं. छतावर सोलर असेल आणि वर्षाअखेर युनिट शिल्लक पडत असतील तर गणित सरळ हीट पंपच्या बाजूने जातं.

फेडरल करसवलतीबद्दल अजूनही चुकीची माहिती फिरते, म्हणून स्पष्ट लिहितो. हीट पंपवर खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर मिळणारी सवलत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत बसवलेल्या यंत्रांपुरती होती. आता उरल्या त्या राज्याच्या आणि वीज-गॅस कंपन्यांच्या योजना. त्यांच्या अटी करार करण्याआधी वाचा, कारण काहींमध्ये आधी तपासणी आणि मगच काम अशी अट असते.

पायरी २: घराची भोकं बुजवा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात फायद्याचं आहे. ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या. मुख्य दारात मोठा पंखा लावून घरातली हवा बाहेर ओढतात, मग फटींतून आत येणारी हवा हाताला लागते. आमच्याकडे अ‍ॅटिकच्या झाकणाभोवती, बेसमेंटमध्ये पाया आणि लाकडी चौकट मिळते तिथे, आणि बाथरूमच्या पंख्यांभोवती गळती निघाली. फोम आणि कॉकिंगचं काम मी स्वतः दोन शनिवारांत केलं.

अ‍ॅटिकमधलं इन्सुलेशन मोजा. आपल्या पट्ट्यात आर-४९ ते आर-६० सुचवतात (इथे आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, आकडा मोठा तेवढं चांगलं). जुन्या घरात बऱ्याचदा त्याच्या निम्मंही नसतं. आधी फटी बुजवायच्या, मग इन्सुलेशन टाकायचं, हा क्रम उलटा करू नका, एकदा वर थर पडला की खालच्या फटी सापडत नाहीत. आणि हे सगळं हीट पंपचं माप काढण्याआधी. नंतर केलंत तर मोठ्या घराच्या मापाचं यंत्र लहान झालेल्या घरात बसेल.

पायरी ३: माप

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं माप). हा शब्द बर्फाच्या काळातला आहे: एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढा गारवा.

"पाचशे फुटांना एक टन" हा ठोकताळा ज्याने वापरला, त्याचा कोट, म्हणजे दरपत्रक, बाजूला ठेवा. योग्य पद्धतीला 'मॅन्युअल जे' (Manual J) म्हणतात. त्यात प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, दिशा, इन्सुलेशन, गळती आणि तुमच्या गावाचं डिझाइन तापमान धरून हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा भार वेगवेगळा काढतात. डिझाइन तापमान म्हणजे वर्षातले जेमतेम एक टक्का तास ज्याच्याखाली जातात ते. आपल्याकडे ते साधारण १४ डिग्री फॅरनहाइट धरतात. गेल्या वीस वर्षांतल्या सगळ्यात वाईट रात्रीसाठी यंत्र घ्यायचं नसतं.

कॉन्ट्रॅक्टरच्या आकड्यावर विसंबायचं नसेल तर तुमची फर्नेसच तुम्हाला उत्तर सांगते. एक टप्प्याची, म्हणजे चालू झाली की पूर्ण जोरावरच चालणारी, फर्नेस असेल तर हे सोपं आहे. थंड, वारा नसलेली रात्र निवडा. थर्मोस्टॅट रात्रभर एकाच आकड्यावर ठेवा. बहुतेक स्मार्ट थर्मोस्टॅट फर्नेस तासात किती मिनिटं चालली ते दाखवतात, नाहीतर जागून घड्याळ लावा. फर्नेसच्या पाटीवर तिची क्षमता असते. आमची ८०,००० बीटीयू घेऊन ८० टक्क्यांनी ६४,००० देणारी. बाहेर २४ डिग्री, आत ६८ असताना ती तासाला २८ मिनिटं चालली. म्हणजे घराला त्या रात्री लागत होते ६४,००० गुणिले २८ भागिले ६०, साधारण २९,९००. आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक ४४ डिग्री होता. १४ डिग्रीच्या रात्री तो ५४ होईल. २९,९०० ला ५४ ने गुणून ४४ ने भागलं की आले साधारण ३६,७००. तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या मॅन्युअल जेमध्ये ३८,००० होते. ही पडताळणी मी नंतरच्या हिवाळ्यात, फर्नेस एकटी चालू ठेवून केली. तुमचा एसी अजून जिवंत असेल तर हे याच हिवाळ्यात करून ठेवा, म्हणजे जुलैत घाम पुसत निर्णय घ्यावा लागणार नाही.

म्हणजे ६४,००० ची फर्नेस आमच्या घराच्या गरजेपेक्षा पावणेदोन पट मोठी होती. गॅसवर ते खपून जातं. हीट पंपवर नाही. मोठं यंत्र उन्हाळ्यात दहा मिनिटांत हवा गार करून थांबतं, पण तेवढ्यात हवेतला दमटपणा काही निघत नाही. मग घर ७२ डिग्री असूनही आंबूस, चिकट वाटतं, मुंबईच्या पावसाळ्यात बंद खोलीत वाटतं तसं. शिवाय सारखं चालू-बंद होऊन कॉम्प्रेसर लवकर झिजतो. आमचा उन्हाळ्याचा भार २८,००० होता. पाच टन म्हणजे ६०,०००!

पायरी ४: डक्ट पुरतील का?

फर्नेसची हवा व्हेंटमधून १२० ते १३० डिग्री फॅरनहाइटने येते, हीट पंपची साधारण ९० ते १०५. हवा कमी गरम, म्हणून ती जास्त वाहावी लागते. दर टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डक्ट अरुंद असतील, खोल्यांतली हवा यंत्राकडे परत ओढणारी परतीची जाळी एकच असेल, तर यंत्र कितीही भारी असो, शेवटच्या बेडरूमला फुंकरच मिळेल.

कॉन्ट्रॅक्टरला स्टॅटिक प्रेशर, म्हणजे डक्टमधल्या हवेचा दाब, मोजायला सांगा. दोन छोटी भोकं पाडून मीटर लावायचं पाच मिनिटांचं काम आहे. बहुतेक ब्लोअर अर्धा इंच पाण्याच्या दाबावर मापलेले असतात. तुमचा आकडा त्याच्या बराच वर गेला तर डक्टमध्ये सुधारणा हवी. आमचा गेला होता. हॉलमध्ये एक जादा परतीची जाळी टाकली, काम झालं. अमेरिकेतल्या साधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते असं एनर्जी स्टारचं म्हणणं आहे, तेव्हा बेसमेंट आणि अ‍ॅटिकमधले सांधे मॅस्टिकचा लेप लावून बंद करून घ्या. नेहमीची कापडी डक्ट टेप त्यासाठी नको, ती काही वर्षांत सुटते.

डक्टच नसतील, बेसबोर्ड किंवा रेडिएटरचं घर असेल, तर भिंतीवरचे मिनी-स्प्लिट. त्यात बाहेरच्या एका युनिटला पाच-पाच डोकी जोडण्याचा मोह होतो. एकाच खोलीला थोडीशी ऊब हवी असताना ते मोठं बाहेरचं युनिट पुरेसं हळू चालू शकत नाही आणि वीज खातं. शक्य तिथे एक बाहेर, एक आत अशी जोडी बरी.

पायरी ५: यंत्र निवडणं

आता ब्रँड. मी नाव सांगणार नाही, कारण तुमच्या गावात ज्या ब्रँडचा अनुभवी दुरुस्तीवाला आहे तो ब्रँड चांगला. कागदावर मात्र चार गोष्टी पाहा.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा. पोळीचा तवा आणि खिचडीची मंद आच यात जो फरक, तोच एका वेगाच्या यंत्रात आणि इन्व्हर्टरमध्ये. हीट पंप मंद आचेवरच चांगला चालतो.

५ डिग्री फॅरनहाइटला तो किती बीटीयू देतो हा आकडा लेखी मागा. जाहिरातीतले टन ४७ डिग्रीच्या, म्हणजे जवळजवळ वसंतातल्या, हवेचे असतात. एनर्जी स्टारच्या शीत हवामानाच्या शिक्क्यासाठी ५ डिग्रीला किमान ७० टक्के क्षमता आणि १.७५ सीओपी लागतो.

सीअर-२ आणि एचएसपीएफ-२ हे उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या कार्यक्षमतेचे आकडे. कायद्याने किमान १४.३ आणि ७.५. सीअर-२ च्या मागे फार धावू नका, आपल्याकडे हिवाळा लांब आहे, एचएसपीएफ-२ जास्त बोलका. आणि बाहेरचं-आतलं युनिट एकमेकांसाठी प्रमाणित आहे का, याचा एएचआरआय क्रमांक घ्या. सवलतीच्या अर्जालाही तो लागतो.

रेफ्रिजरंट: जुनं आर-४१०ए आता नव्या यंत्रांतून गेलं आहे, त्याच्या जागी आर-४५४बी किंवा आर-३२ येतं. कुणी जुन्या साठ्यातलं स्वस्तात देऊ केलं तर पुढच्या पंधरा वर्षांच्या दुरुस्तीचा विचार करा. माझ्याकडे तेच आहे, म्हणून सांगतो.

पूर्ण विजेवर जायचं असेल तर जोडीला हीट स्ट्रिप हव्यात. डक्टमधल्या या मोठ्या शेगड्याच, सीओपी एक. १० किलोवॅटची स्ट्रिप तासाला ३४,००० बीटीयू देते आणि तिला ६० अँपिअरचा ब्रेकर लागतो. पॅनेल १०० अँपिअरचं असेल आणि गाडीचा चार्जरही असेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा.

पायरी ६: कोट आणि बसवण्याचा दिवस

तीन कोट घ्या, आणि न्यू जर्सीत असाल तर मास्टर एचव्हीएसीआर परवाना क्रमांक पाहा. टाउनशिपचं परमिट कॉन्ट्रॅक्टरने काढायचं, "परमिटशिवाय स्वस्तात करतो" म्हणणाऱ्याला नमस्कार. टाउनहाउसवाल्यांनी बाहेरच्या युनिटच्या जागेसाठी असोसिएशनची लेखी परवानगी आधी घ्यावी.

कोटात या गोष्टी लेखी हव्यात: मॅन्युअल जेची प्रत, नायट्रोजनने दाबचाचणी, ५०० मायक्रॉनच्या खाली व्हॅक्यूम, वजन करून भरलेलं रेफ्रिजरंट. शेवटच्या दोन्हींत लोक घाई करतात. नळीत राहिलेला ओलावा आत तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसर खातो, तोवर बसवणारा फोन उचलत नाही. त्या दिवशी घरून काम करा. व्हॅक्यूमच्या मीटरचा फोटो मागितला तर चांगला कारागीर चिडत नाही, उलट खुलतो.

बाहेरचं युनिट जमिनीपासून फूट-दीड फूट उंच स्टँडवर हवं. साठलेलं बर्फ खालून अडू नये, आणि डीफ्रॉस्टचं, म्हणजे कॉइलवरच्या वितळलेल्या बर्फाचं, पाणी गळून जावं. छपराच्या पागोळ्यांखाली ठेवू नका. पायवाटेकडे पाणी जाणार नाही हेही पाहा, ते रात्रीत काचेसारखं गोठतं.

पायरी ७: थर्मोस्टॅट आणि पहिला हिवाळा

ऑक्टोबरात पहिल्यांदा हीट लावली आणि व्हेंटमधून गार वारा यायला लागला. आकडा वाढवला तर आणखी गार! कारण हास्यास्पद होतं. रिव्हर्सिंग व्हॉल्व्हला वीज थंड करताना द्यायची की गरम करताना, हे कंपनीगणिक बदलतं. थर्मोस्टॅटमध्ये 'ओ' किंवा 'बी' अशी निवड असते, बसवणाऱ्याने ती उलटी ठेवली होती. मेन्यूत जाऊन एक अक्षर बदललं, झालं. बसवून झालं की, ऑगस्ट असला तरी, हीट आणि कूल दोन्ही चालवून दाखवायला सांगा.

त्यानंतर आईची तक्रार. "अरे, हे तुझं यंत्र नुसती फुंकर घालतंय." व्हेंटची हवा ९५ डिग्रीची, म्हणजे अंगाच्या तापमानापेक्षा थोडी कमी. हाताला ती गरम लागतच नाही, तरी घर ७० डिग्रीवर स्थिर असतं. फर्नेसचे झोत घेतलेल्या माणसाला हे पटायला आठवडा लागतो. आईला तिच्या खुर्चीजवळच्या व्हेंटची दिशा बदलून दिली आणि तक्रार थांबली.

सगळ्यात महत्त्वाची सवय: रात्री किंवा ऑफिसला जाताना आकडा पाच-सहा डिग्री खाली आणायचा आणि सकाळी वर, हे फर्नेसचं शहाणपण इथे महागात पडतं. एकदम मोठी चढण आली की थर्मोस्टॅट स्ट्रिप पेटवतो. एकच आकडा ठेवा, फार तर दोन डिग्रीचा फरक. स्ट्रिप असतील तर ठरावीक तापमानाच्या वर त्या चालूच होणार नाहीत असं लॉक लावून घ्या, साधारण ३० डिग्रीपासून सुरुवात करून थंडीत घर कसं टिकतं ते पाहा. 'इमर्जन्सी हीट' हे बटण हीट पंप बंद करून सगळं घर स्ट्रिपवर चालवतं. थंडी जास्त आहे म्हणून ते दाबू नका, यंत्र बिघडलं तरच.

ड्युअल फ्युएलमध्ये कोणत्या तापमानाला फर्नेसकडे वळायचं, ते वरच्या गणितातून निघतं. २२ सेंट आणि दीड डॉलरला आमच्या जुन्या फर्नेसशी बरोबरी करायला सीओपी ३.४ लागतो, तो आमच्या यंत्राला ४० डिग्रीच्या आसपास मिळतो. कॉन्ट्रॅक्टरने २५ लावून ठेवलं होतं. दोन बिलं पाहून मी ४० वर आणलं. ज्यांना गॅस कमीत कमी जाळायचा आहे त्यांनी खाली ठेवावं, तो पैशांचा नव्हे, पसंतीचा प्रश्न आहे.

दमट, ३० ते ४० डिग्रीच्या दिवसांत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो. मग यंत्र काही मिनिटं उलटं फिरतं, बाहेरचा पंखा थांबतो, सूंऽऽ आवाज येतो आणि वाफेचा ढग उठतो. समोरच्या काकूंनी आग लागली समजून फोन केला होता. याला डीफ्रॉस्ट म्हणतात, ते नीट चालल्याचं लक्षण आहे. दोन-तीन तास झाले तरी बर्फाचा ठोकळा तसाच असेल तर मात्र कॉन्ट्रॅक्टरला बोलवा. सळईने बर्फ फोडू नका, कॉइलला भोक पडेल.

उन्हाळ्यात आणि एरवी

उन्हाळ्यात पंखा 'ऑन' नव्हे, 'ऑटो'वर ठेवा. कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखा चालू राहिला तर कॉइलवर जमलेलं पाणी परत हवेत मिसळतं. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी, दहा-पंधरा डॉलरचं मीटर पुरतं. पाणी जायच्या नळीत शेवाळ होतं, मे महिन्यात तिथे कपभर व्हिनेगर ओता. तुंबल्यावर यंत्र बंद करणारा फ्लोट स्विच लावलाय का तेही पाहा, विशेषतः आतलं युनिट अ‍ॅटिकमध्ये असेल तर, नाहीतर छतावर नकाशे उमटतात.

आणि फिल्टर. पाकिटावर तीन महिने लिहिलेलं असतं. ते रोज फोडणी न देणाऱ्यांसाठी. आमच्या स्वयंपाकघराजवळच परतीची जाळी आहे. दिवाळीच्या फराळानंतर काढलेला फिल्टर पिवळट, तेलकट आणि चकलीचा वास येणारा होता, आणि ब्लोअरचा आवाज वाढला होता. तेलकट फिल्टर म्हणजे कमी हवा, कमी हवा म्हणजे पायरी ४ वर पाणी. दर महिन्याला पाहा. एक इंचाच्या जागी चार इंचाचा फिल्टर बसेल अशी चौकट करून घेतलीत तर बारीक जाळी असूनही हवा अडत नाही. हूड घराबाहेर वाफ टाकणारा असावा, आणि तळण काढताना तो आधी चालू करा, मग गॅस. मिनी-स्प्लिटचं डोकं ओट्यासमोर कधीच लावू नका. आमच्या एका मित्राने लावलं आहे, दरवर्षी दिवाळीनंतर तो ते पूर्ण उघडून धुऊन घेतो.